तिसऱ्या मजल्यावरची मुभा

मंडळी, मागे जे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. सोनकच्छची मंडळी अजून वाटेत आहेत, त्यांची वाट बघायला हवी होती. पण मी थांबत नाही. थांबलो तर माझ्याच्याने बोलवणार नाही.

माझ्याआधी चौघे बोलले. चांगलं बोलले. अविनाश कसा हसायचा, शाळेतल्या पोरांना चित्रकला कशी शिकवायचा, धारच्या या हॉलची रंगरंगोटी त्याने कशी करून दिली. सगळं खरं आहे. मीही घरून एक कागद लिहून आणला होता. तो खिशातच राहू दे. त्यात नुसतं गोड गोड लिहिलंय.

मी मिलिंद. देवासला कॉम्प्युटरचे क्लास घेतो. अविनाशचा मित्र, कॉलेजपासूनचा. इथं धारमध्ये त्याच्या घरी मी इतका जेवलोय की मेधावहिनींनी माझं ताट वेगळं ठेवलंय.

मला आज एक कबुली द्यायची आहे. ती ऐकून तुम्ही मला इथून उठवाल, तर उठवा. पण आधी ऐकून घ्या. आज शनिवार. परवा सोमवारी अविनाशच्या ताई इंदूरला दवाखान्यात भरती होणार आहेत. त्यांना भारी औषध सुरू होणार आहे, ज्याने माणूस महिनोन्‌महिने उठत नाही. आणि ते औषध माझ्या एका खोटेपणामुळे सुरू होतंय, असं मला वाटतं. म्हणून मी आज बोलतोय. उद्या रविवार, उद्या हिंमत होईल की नाही, भरवसा नाही.

बापूकाका, बसा. हात जोडतो, बसा. मला माहीत आहे ही वेळ नाही. मग कोणती वेळ, सांगा ना! सोमवारनंतरची?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो. वीस-एक वर्षं झाली. अविनाशने एक गेम बनवला होता, कॉम्प्युटरवर खेळायचा. नाव 'सात मजली बावडी'. एक मुलगी हातात दिवा घेऊन बावडीत, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत, उतरते. एकेक मजला खाली. वाटेत तिला दोर मिळतो, कुठे किल्ली मिळते, मग आधी जे दार बंद होतं ते उघडायला पुन्हा वर यायचं. उड्या मारायच्या, शोधायचं, चुकायचं, परत फिरायचं. चित्रं अगदी ठोकळ्या-ठोकळ्यांची. तेव्हाही ती जुनीच वाटायची, आणि त्याला तशीच हवी होती. त्या गेमच्या सीड्या देवासपासून खातेगांवपर्यंत फिरल्या. पोरं कॅफेत बसून खेळायची. लोहारद्याला माझ्या मावशीकडे गेलो तर तिच्या शेजारचा पोरगा मला विचारतो, काका, पाचव्या मजल्यावरून पुढे कसं जायचं? मला काय माहीत! मी स्वतः कधी पाचव्याच्या पुढे गेलो नव्हतो.

तर दोन वर्षांपूर्वी अविनाशकडचा तो जुना कॉम्प्युटर कायमचा बसला. सीडी घासलेल्या. नव्या मशीनवर जुना गेम चालेना. तेव्हा तो देवासला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भिया, बावडी पुन्हा बांधायची." मी म्हटलं, "वेड लागलंय का? पन्नाशी जवळ आली." तो म्हणाला, "लागलंय. तू कोड लिही, चित्रं मी काढतो." मग पुण्याची एक कंपनी मिळाली, त्यांना जुने गेम नव्याने काढायचे होते. ठरलं. त्या कंपनीचे पाहुणेही इथे बसलेत. दादा, तुमचा काही दोष नाही. तुम्ही नुसतं ऐका.

अविनाशची एक अट होती. नकाशा द्या, रंग बदला, आवाज बदला, काहीही करा. पण उडीची मुभा तशीच ठेवायची.

ही मुभा म्हणजे काय, ते सांगतो. ती मुलगी काठावरून धावत येते. काठ संपला की पाय सुटतो, पडायला लागते. नियमाने बघाल तर काठ संपायच्या आत उडीचं बटण दाबायला हवं. उशीर झाला की पडली. पण अविनाशने जुन्या गेममध्ये थोडी सवलत ठेवली होती. पाय सुटल्यावरही एक अगदी बारीकसा क्षण, सेकंदाचा दहावा हिस्सा म्हणा, तेवढ्यात बटण दाबलं तरी उडी लागायची. बघणाऱ्याला दिसायचंही नाही. खेळणाऱ्याला वाटायचं, मी बरोबर वेळेवर दाबलं. त्यालाच तो मुभा म्हणायचा.

मी नव्या गेममध्ये ती घातली. खरंच घातली होती. मग कंपनीच्या तपासणाऱ्यांची यादी आली. त्यात एक ओळ होती: तिसऱ्या मजल्यावर पात्र काठ सुटल्यावर हवेतून उडी मारतं, दुरुस्त करावं. मी अविनाशला फोन लावला. म्हटलं, "अवी, हे बरोबर बोलतायत. ही चूक आहे. तुझ्याकडून तेव्हा राहून गेली." तो म्हणाला, "चूक नाही ती." मी म्हटलं, "मग काय आहे?" म्हणाला, "मुभा आहे. राहू दे." मी विचारलं, "पण का?" मग म्हणतो, "आहे म्हणून."

मंडळी, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. वहिनींना तर फारच माहीत आहे. कारण न सांगता कोणी हुकूम सोडला की माझं डोकं फिरतं. दीड वर्ष मी एकट्याने कोड लिहितोय, हा धारला बसून चित्रं रंगवतोय, आणि मला म्हणतो, आहे म्हणून! त्याच दुपारी, जेवून उठलो आणि त्या दोन ओळी काढून टाकल्या. दोन ओळी. हात धुवायला जास्त वेळ लागला असेल.

जुन्या गोष्टी नव्याने बांधणारे आमच्यासारखे लोक ही चूक हमखास करतात. जिथे हिशोब जुळत नाही तिथे आम्हाला दोष दिसतो. कोणीतरी मुद्दाम तसं ठेवलं असेल, हे मनातच येत नाही. आणि मी तर मूळ कागद वाचलेसुद्धा नव्हते. त्याने जुन्या कोडचा छापील गठ्ठा मला देऊ केला होता. मी म्हटलं, "ठेव तुझ्याकडे, वीस वर्षांपूर्वीचं ते भूत कोण वाचणार." जुन्या गेमचं कोणीतरी केलेलं रेकॉर्डिंग बघूनच मी सगळं बांधलं. रेकॉर्डिंगमध्ये माणसाचा हात दिसत नाही.

मुभा काढल्याचं मी त्याला सांगितलं नाही. वाटलं, कळणारच नाही. कोणाला कळतो सेकंदाचा दहावा हिस्सा?

आता ऐका. मधे जरा पाणी घेतो.

पुढे काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. सकाळची वेळ, माझा क्लास चालू होता. म्हणाला, "भिया, एक सांग. तिसऱ्या मजल्यावर मुभा आहे ना?"

मी म्हटलं, "आहे."

"नक्की?"

"अरे, आहे म्हणतो ना! किती वेळा विचारशील?"

तो म्हणाला, "नाही नाही, रागावू नको. तू म्हणतोस तर आहेच." आणि म्हणाला, "मग दुसरंच काहीतरी आहे."

मंडळी, मी त्याला विचारलं नाही, दुसरं काय? पोरं समोर बसली होती, मला फोन ठेवायचा होता. माझी चोरी पकडली जाईल अशी भीती होती, तीही होती. तो स्वतः बसून तपासू शकला असता. बटण जरा उशिरा दाबून बघायचं, एवढंच. त्याने नाही तपासलं. मी सांगितलं होतं ना, आहे म्हणून. मित्राने सांगितलेलं कशाला तपासायचं!

ते दुसरं काय होतं, ते मला परवापरवा कळलं. बाराव्याच्या दिवशी. याच गावात, त्यांच्या ओसरीवर. ताई माझ्याजवळ येऊन बसल्या. ताईंना तुम्ही सगळे ओळखता. धारमधल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज त्यांनी बेतलेत. ताई मला म्हणाल्या, "मिलिंद, गेम छान झालाय रे. मलाच जमत नाही आता."

मी म्हटलं, "काय जमत नाही, ताई?"

मग त्यांनी सांगितलं. ताई, तुमची माफी मागून सगळ्यांसमोर सांगतोय. ताई बाविशीच्या असताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं मंदावली होती. कात्री चालेना. इलाज झाला, हात बराचसा परत आला, पूर्ण नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुन्हा कधी बोटं जास्त मंद वाटली तर लगेच या, वेळ घालवू नका. आता बोटं मंद झाली की नाही हे रोजच्या रोज कसं कळणार? माणसाला सवय होऊन जाते. तर ताईंनी स्वतःची एक रीत लावून घेतली. दर महिन्याच्या एक तारखेला, दुकान उघडायच्या आधी, भावाच्या कॉम्प्युटरवर बसायचं आणि बावडीचा तिसरा मजला ओलांडायचा. तिथली ती लांब उडी. ओलांडली की हात ठीक आहे. मग चहा घ्यायचा आणि दुकानात जायचं. वीस वर्षं! कॉम्प्युटर बसला तेव्हापासून ती तपासणी बंद होती, आणि ताईंना आतून धाकधूक.

अविनाशने बावडी पुन्हा बांधायला का घेतली, ते मला तेव्हा कळलं. कंपनी-बिंपनी सगळी नंतरची.

नवा गेम हातात आला. ताई बसल्या. तिसऱ्या मजल्यावर गेल्या, आणि पडल्या. पुन्हा पडल्या. दहादा पडल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसल्या, तेच. त्यांनी भावाला सांगितलं, "अवी, हात गेला माझा." आणि त्या दिवशी अविनाशने मला फोन केला होता.

त्या फोनवर मी 'मुभा नाही' म्हणालो असतो, तर तिथेच संपलं असतं. ताईंनी हसून चहा घेतला असता.

ते झालं नाही. त्यानंतर दोन महिने तो ताईंना घेऊन इंदूरला जात राहिला. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, रिपोर्टमध्ये ठळक काही दिसत नाही, पण बाईंना स्वतःला फरक जाणवतोय, जुना आजार आहे, तेव्हा वाट बघत बसण्यापेक्षा औषध सुरू करू. ताईंनी शिवायला आलेली कापडं घरोघर परत केली. दुकानाचं शटर खाली आहे, तुम्ही येता-जाता बघितलं असेल. मेधावहिनी मला सांगत होत्या, हे जेवताना वन्संच्या हाताकडेच बघत बसायचे, घास तसाच राहायचा. आणि मग त्या सकाळी पाणी भरता भरता तो खाली बसला, तो उठलाच नाही. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. त्याच्या वडिलांचंही तेच झालं होतं. माझ्यामुळे तो गेला असं मी म्हणत नाही. म्हणायची हिंमतही नाही आणि मला तेवढं कळतही नाही. पण शेवटचे दोन महिने तो भीतीत जगला, आणि ती भीती मी दिली होती. हे मला कळतं.

थांबा, काका. अजून एक राहिलंय. तेच जास्त अवघड आहे.

बाराव्याच्या त्या दिवशी मी ताईंना काहीच बोललो नाही. तेराव्याला निघताना वहिनींनी तो छापील गठ्ठा माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, "तुमच्या कामाचं असेल." घरी जाऊन मी तो वाचला. पहिल्यांदा! ज्या जागी मुभेच्या त्या ओळी आहेत, तिथे समासात पेन्सिलने त्याच्या अक्षरात लिहिलंय: ताईच्या हातासाठी. तिला सांगायचं नाही.

कळलं का मंडळी? ती सवलत त्याने बहिणीच्या हाताच्या मापाने ठेवली होती. तिचं बोट जितकं मागे राहायचं, बरोबर तितकी. आणि तिला ते कळू द्यायचं नव्हतं. तिला वाटावं, मी माझ्या हाताने ओलांडते. म्हणून तो मला कारण सांगत नव्हता. म्हणून तो ताईंनाही म्हणाला नाही की थांब, गेममध्ये काही बदललंय का बघतो.

दोन दिवस मी या एका ओळीपाशी अडलो. ताईंना खरं सांगायचं तर हेही सांगावं लागणार. ज्या उडीचा त्यांना वीस वर्षं भरवसा होता, ती भावाने सोपी करून ठेवली होती, हे सांगावं लागणार. त्याने मरेपर्यंत जपलेलं मी त्याच्या शोकसभेत उघडं करायचं? माझा मलाच राग येतो. पण न सांगावं तर सोमवार उजाडतो.

म्हणून सांगून टाकलं.

ताई, तुमच्याकडे बघून बोलतो. तुमचा हात बिघडला, असं त्या गेमवरून ठरवू नका. त्या गेमने खोटी साक्ष दिली. मी द्यायला लावली. काल मी मुभा परत घातली आहे, होती तेवढीच. पाहुणे, तुम्हाला ती नको असेल तर गेम बाजारात आणू नका, पण आता ती कोणी काढणार नाही. ताई, मी डॉक्टर नाही. तुमचा हात आत खरोखर कसा आहे ते मला ठाऊक नाही. देव करो आणि ठीक असो. पण डॉक्टरांपुढे जाल तेव्हा हे सगळं सांगा, आणि मग काय ते ठरू द्या. मला बरोबर न्या. मी माझ्या तोंडाने सांगतो त्यांना.

झालं माझं. आता काय म्हणायचं ते म्हणा.

काय? जरा थांबा मंडळी, कुजबुज नको. ताई काहीतरी म्हणतायत. ताई, तिथूनच बोला, मी सगळ्यांना सांगतो.

ताई म्हणतायत... ताई म्हणतायत, "मला ठाऊक होतं."

कधीपासून, ताई?

पहिल्या दिवसापासून, म्हणतायत. म्हणतायत, "अरे, मी कापड बेतते. अर्ध्या सुताचा फरक माझ्या हाताला कळतो. काठ सुटल्यावर उडी लागते, ते मला कळणार नाही? त्याला वाटायचं मला माहीत नाही, म्हणून मीही कधी बोलले नाही. बिचारा किती खूश व्हायचा, मी ओलांडलं की."

मग ताई, तुम्ही इतक्या घाबरलात कशा?

म्हणतायत, "सवलत तो कधी काढणार नाही असा भरवसा होता, आणि तरीसुद्धा जमेना. म्हणून तर घाबरले."

वहिनी, त्यांना पाणी द्या. नाही, मला नको. मी ठीक आहे.

ताई आणखी म्हणतायत. सोमवारी इंदूरला जायचंच, डॉक्टरांना सगळं सांगायचं, आणि तू गाडी घेऊन ये. येतो, ताई. सकाळी सातला दारात उभा असेन. आणि... हो. बरोबर आहे तुमचं. मंडळी, ताई म्हणतायत, "माझी माफी काय मागतोस? तुला विचारलं होतं ते अवीने. त्याला सांग. तिकडे तोंड करून सांग."

जरा बाजूला व्हा, दादा. फोटो दिसू दे.

अवी. तू विचारलं होतंस, मुभा आहे ना. नव्हती रे. मी काढली होती.

मंडळी, उभे राहू या. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका.